क्लेविस निवडायचा तर सुरुवात पिनपासून करा

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरचा हा प्रश्न. चाकणजवळच्या एका शेडच्या छपरात क्रॉस ब्रेसिंगचे (फुलीसारखे तिरपे लावलेले) रॉड आहेत, लांबी साधारण सहा मीटर. ऑफिसच्या दारावर त्याच रॉडांनी टांगलेली एक कॅनोपी आहे. ड्रॉइंगवर फक्त ‘एम-२४ रॉड विथ क्लेविस’ एवढंच लिहिलंय. क्लेविस म्हणजे रॉडच्या टोकाला आट्यांनी बसणारा दोन पाकळ्यांचा फोर्क, तो पिनने गसेटला, म्हणजे जोडाच्या प्लेटला, अडकतो. मालक म्हणतात, पट्टी वाकवून नट वेल्ड करा, आपल्याच शॉपमध्ये होईल. बाजारातून फोर्ज्ड क्लेविसचं एक कोटेशन आलंय, आणि रॉड-फोर्क-पिन असा पूर्ण संच देणाऱ्या कंपनीचं दुसरं, बरंच महाग. काय घ्यायचं, आणि ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहायचं?

सगळ्यात आधी कन्सल्टंटकडून एक आकडा मागून घ्या: त्या रॉडमध्ये जास्तीत जास्त ताण किती येतो, आणि तो फॅक्टर लावलेला (सुरक्षिततेसाठी वाढवलेला) आहे की विनाफॅक्टर. तुम्ही नंतर कळवलंत की सगळ्यात जास्त भाराच्या बेमध्ये (दोन फ्रेममधल्या गाळ्यात) फॅक्टर्ड ९० किलोन्यूटन आहे. हा आकडा ड्रॉइंगवर असायलाच हवा होता. ‘एम-२४’ हे माप झालं. मापावरून दुकानदार माल काढून देईल, पण तो माल किती ताण घेईल ते मापात लिहिलेलं नसतं. एम-२४चे आटे असलेला क्लेविस कास्ट आयर्नचाही मिळतो, फोर्ज्डही मिळतो आणि वेल्ड केलेलाही मिळतो. रॉड तिन्हींत सारखाच छान बसतो.

रॉडचा हिशोब सोपा आहे, म्हणून तो पटकन उरकू. ई-२५० स्टील, व्यास वीस मिमीच्या वर, म्हणजे यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं ताणलं जाऊ लागतं तो) २४० न्यूटन प्रति चौ. मिमी धरायचं. दांडीचा पूर्ण छेद ४५२ चौ. मिमी, गुणिले २४०, आणि सुरक्षिततेच्या १.१० ने भागून ९८.६ किलोन्यूटन. आट्यांच्या तळाशी उरतो ३२४ चौ. मिमी. आयएस ८००:२००७ या भारतीय स्टील संहितेतल्या कलम ६.३.२ प्रमाणे ०.९ गुणिले ४१० (तुटण्याची ताकद) गुणिले ३२४, भागिले १.२५, म्हणजे ९५.६ किलोन्यूटन. कमी तो खरा, म्हणजे ९५.६. नव्वदला रॉड पुरतो, थोडा काठावर, पण पुरतो. बहुतेक जण इथे वही मिटतात. खरं काम इथून पुढे आहे.

माझी पद्धत उलटी आहे. मी आधी गसेट प्लेट पाहतो, मग पिन, मग फोर्कच्या दोन पाकळ्या, आणि सगळ्यात शेवटी रॉड. कारण ताण रॉडमधून सरळ जातो, पण पिनपाशी त्याला वळण घ्यावं लागतं. दोन पाकळ्यांतून येऊन तो मधल्या प्लेटमध्ये शिरतो, आणि त्या वळणावर पिन वाकते. पिनचं शिअर (आडवं कापलं जाणं) सगळे तपासतात, बेंडिंग (वाकणं) तपासणारा क्वचित भेटतो.

तुमचाच जोड घेऊ. गसेट १६ मिमी, फोर्कच्या पाकळ्या १२-१२, दोन्ही बाजूंना २-२ मिमी फट, पिन २४ मिमी. समजा पिन साध्या माइल्ड स्टीलची, लेथवर काढलेली. दोन ठिकाणी शिअर, म्हणजे प्रत्येकी ४५ किलोन्यूटन. एका छेदाची ताकद ०.६ गुणिले ४५२ गुणिले ४१० भागिले १.२५, जवळजवळ ८९. दुप्पट ताकद! बघणारा खूश होतो. आता बेंडिंग. पिनच्या जोडासाठी युरोकोड ३ (युरोपची स्टील संहिता) चा भाग १-८ एक सरळ सूत्र देतो: ताण भागिले आठ, गुणिले (मधल्या प्लेटची जाडी, अधिक फटीची चौपट, अधिक पाकळीच्या जाडीची दुप्पट). म्हणजे ९०,००० भागिले ८ गुणिले (१६ + ८ + २४), ५,४०,००० न्यूटन-मिमी. २४ मिमी पिनचं सेक्शन मोड्युलस (छेद वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप) १३५७ घन मिमी. त्याच संहितेतली क्षमता १.५ गुणिले मोड्युलस गुणिले यील्ड, आणि आपला १.१० चा भागाकार. माइल्ड स्टीलचे २४० धरले तर ४,४४,००० येते. शिअरमध्ये दुप्पट ताकद असलेली पिन बेंडिंगमध्ये नापास झाली.

तीच पिन ८.८ ग्रेडची (जास्त ताकदीच्या बोल्टच्या स्टीलची) केली, यील्ड ६४०, तर क्षमता ११,८४,००० वर जाते आणि प्रश्न मिटतो. ईएन-८ ची (मध्यम कार्बन स्टीलची) पिनही चालेल, पण यील्ड किमान ३५० असल्याचा टेस्ट रिपोर्ट हवा. नुसतं ‘ईएन-८ आहे साहेब’ पुरत नाही, कारण त्या स्टीलची ताकद हीट ट्रीटमेंटवर ठरते. ३५० यील्डला बेंडिंग आणि शिअर या दोन्हींच्या भार-भागिले-क्षमता गुणोत्तरांच्या वर्गांची बेरीज ०.८४ च्या आसपास येते. ती एकाच्या आत हवी, आणि ती आहे.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. त्याच युरोकोडमध्ये सवलत आहे: फिरण्याची गरज नसेल आणि पिनची लांबी व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी असेल, तर तिला साधा एकच बोल्ट समजून हिशोब केला तरी चालतो. तुमच्या पिनची पकड ४४ मिमी, तिप्पट होते ७२, म्हणजे सवलत लागू होते असं कोणी तुम्हाला म्हणेल. मी क्लेविसला ही सवलत घेत नाही. बोल्टच्या जोडात प्लेट एकमेकींना चिकटलेल्या असतात. क्लेविसमध्ये फट असते, रॉड ताणताना तो फिरतो, आणि साइटवर ती फट ड्रॉइंगइतकी राहत नाही.

फट हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा आहे. बाजारातल्या फोर्कचा जबडा समजा २६ मिमी आहे आणि गसेट १० मिमीचं. दोन्ही बाजूंना ८-८ मिमी रिकामं. सूत्रातला कंस होतो १० + ३२ + २४, म्हणजे ६६. आधी तो ४८ होता. रॉड तोच, ताण तोच, आणि पिनचं बेंडिंग ३७ टक्के जास्त. शिवाय गसेट मधोमध राहत नाही, एका पाकळीला टेकतं, मग ती पाकळी जास्त भार घेते. आणि १० मिमीची प्लेट बेअरिंगलाही (भोकाच्या कडेवर पिनचा दाब) पुरत नाही: १.५ गुणिले १० गुणिले २४ गुणिले २५० (वीस मिमीच्या आतल्या प्लेटचं यील्ड) भागिले १.१०, म्हणजे ८१.८ किलोन्यूटन. नव्वद हवेत. १६ मिमीला तोच आकडा १३१ होतो. म्हणून क्लेविस मागवताना जबड्याचं माप लिहा, आणि गसेट त्या मापाच्या ३ ते ४ मिमी आत ठेवा. गसेट आधीच लागून गेलं असेल तर भोकाभोवती दोन्ही बाजूंना गोल चकत्या वेल्ड करून जाडी वाढवा आणि मग दोन्हींतून एकत्र भोक पाडा. सुटे वॉशर भरून गसेट मधोमध येईल, पण पिनचं बेंडिंग आणि प्लेटचं बेअरिंग दोन्ही जिथल्या तिथे राहतील.

गसेटच्या कडा विसरू नका. भोक २५ मिमीचं घ्या, पिनपेक्षा एका मिमीने मोठं. भाराखाली हलणाऱ्या पिनच्या जोडाला अमेरिकन संहितासुद्धा एक मिमीहून जास्त ढिलाई देत नाही. १६ मिमी प्लेटला, तुमच्या ९० किलोन्यूटनला, भोकाच्या कडेपासून प्लेटच्या टोकापर्यंत किमान २९ मिमी आणि बाजूंना २१ मिमी अंतर लागतं. हे युरोकोडच्या तक्त्यातून काढलेलं आहे, मी दोन्ही पाचच्या पटीत वर नेतो: ३० आणि २५. आणि भोक ड्रिलनेच पाडायचं. गॅसने फुंकलेल्या भोकात पिन दोन-तीन उंचवट्यांवर टेकते, त्यामुळे वरचा बेअरिंगचा सगळा हिशोब वाया जातो.

आता मालकांच्या सूचनेकडे. पट्टी यू आकारात वाकवायची, पाठीला भोक पाडून नट वेल्ड करायचा. त्यांचा हेतू वाईट नाही, शॉपमध्ये पट्टी पडून आहे आणि वेल्डर रिकामा आहे. पण ताण कुठून जातो ते बघा. नटचा ताण पट्टीच्या सपाट पाठीवर येतो आणि ती पाठ दोन पाकळ्यांमध्ये तुळईसारखी वाकते. वाकवलेल्या कोपऱ्यावर पट्टी आधीच ताणलेली, आणि सगळ्यात जास्त बेंडिंगही तिथेच. नट जर ८ ग्रेडचा असेल तर तो वेल्डिंगसाठी बनवलेलाच नसतो. कार्बन जास्त, वेल्डच्या काठावर धातू कडक आणि ठिसूळ होतो, आणि वेल्डच्या उष्णतेने नटचं हीट ट्रीटमेंटही जातं. शॉपमध्येच करायचं असेल तर एक रस्ता आहे: जाड गोल किंवा चौकोनी बारमधून पूर्ण फोर्क मशिन करायचा, बोअर करून आटे पाडायचे, मधली खाच मिलिंगवर काढायची. वेल्ड कुठेच नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात असं मशिनिंग करून देणारी शॉप्स कमी नाहीत. पंधरा-वीस नगांना हे परवडतं, पन्नासच्या पुढे फोर्ज्डच स्वस्त पडतो.

बाजारातला फोर्ज्ड क्लेविस चांगला असू शकतो, पण त्याच्या कॅटलॉगमधला आकडा नीट वाचावा लागतो. ‘सेफ वर्किंग लोड’ म्हणजे विनाफॅक्टर भार. अमेरिकन उत्पादक त्यात बहुधा पाचपट सुरक्षितता धरतात, आणि अमेरिकन स्टील मॅन्युअल बांधकामातल्या क्लेविसला तीनपट धरतं. युरोपियन कॅटलॉगमध्ये डिझाइन रेझिस्टन्स असतो, तो थेट फॅक्टर्ड भाराशी ताडायचा. तुमचे ९० फॅक्टर्ड म्हणजे दीडने भागून ६० वर्किंग. तीनपट धरली तर फोर्क १८० किलोन्यूटनपर्यंत तुटता कामा नये. कॅटलॉगमध्ये नुसतं ‘लोड’ लिहिलं असेल आणि कुठला लोड ते दुकानदार सांगू शकत नसेल, तर तो आकडा नाही असं समजा.

आटे मोजून घ्या, डोळ्यांवर विसंबू नका. जुन्या साठ्यात अजून इंची आट्यांचा माल असतो. एक इंची क्लेविसमध्ये एम-२४ रॉड हाताने सरसर जातो, कारण त्याचा व्यास जवळपास दीड मिमीने कमी आहे. पिचही (दोन आट्यांमधलं अंतर) जवळपास सारखा दिसतो: एम-२४ चा ३ मिमी, इंचाला आठ आटे म्हणजे ३.१७५. चार वेढे बसले की ‘बसलं’ असं वाटतं. पण आटे एकमेकांत अर्धवटच गुंतलेले असतात आणि पूर्ण ताण आला की सोलून निघतात. पिच गेज लहानसं हत्यार आहे, माल उतरवताना ते खिशात ठेवा.

मला ही गोष्ट इतक्या आग्रहाने सांगावीशी वाटते त्यामागे एक प्रसंग आहे. रांजणगावच्या बाजूला एका गोदामात मे महिन्यातल्या वळवाच्या पावसानंतर मला बोलावलं होतं, ब्रेसिंगचा रॉड लोंबकळतोय म्हणून. वर चढून पाहिलं तर रॉड शाबूत, पिन शाबूत, फोर्क शाबूत. रॉड फोर्कमधून निसटला होता. आटे तपासले, तीन-साडेतीन वेढेच बसलेले होते. इरेक्शनच्या वेळी रॉड आखूड पडला, आणि कोणीतरी तो कसाबसा टेकवून चेकनट (आटे फिरू नयेत म्हणून लावतात तो नट) आवळून टाकला. खालून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. नशिबाने खाली त्या वेळी कोणी नव्हतं. तेव्हापासून फोर्कच्या बुंध्यात तपासणीचं भोक नसलेला क्लेविस मी घेत नाही. त्या भोकातून खिळा घातला की तो रॉडला अडतो का ते समजतं. अडला तर पुरेसे आटे बसलेत. भोकाची जागा अशी हवी की किमान व्यासाइतकी, म्हणजे २४ मिमी, पकड झाल्याशिवाय रॉड तिथे पोचणारच नाही. मी स्वतः ३० मागतो.

लांबी पिनपासून पिनपर्यंत लिहा, आणि दोन्ही बाजूंनी किती कमी-जास्त करता यायला हवं तेही लिहा. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणजे रॉड फिरवून ताणता येतो आणि मध्ये टर्नबकल (रॉडचे दोन तुकडे ओढून जोडणारा आट्यांचा भाग) लागत नाही. डाव्या आट्यांच्या फोर्कवर ठळक खूण हवी, नाहीतर साइटवर सकाळभर हाच घोळ चालतो. पण हा रॉड फिरवणं किती नाजूक काम आहे ते बघा. एम-२४ चा पिच ३, दोन्ही टोकांना मिळून एका वेढ्यात लांबी ६ मिमीने कमी होते. सहा मीटरच्या रॉडमध्ये ६ मिमी म्हणजे हजारात एक, म्हणजे टोकं हलली नाहीत तर २०० न्यूटन प्रति चौ. मिमी. यील्ड २४० चं. फ्रेम थोडी सरकते म्हणून प्रत्यक्षात कमी येतं, पण पाइप लावून पाना ओढणारा माणूस एका वेढ्यात रॉडची सगळी ताकद वापरून टाकू शकतो. ढिलाई गेल्यावर पाव वेढा, मग थांबून बघायचं, समोरचा रॉडही तेवढाच, असं करत जायचं.

मुळात ताणायचंच का? आयएस ८०० मध्ये कायम ताणात असलेल्या भागाला कृशतेची (लांबी भागिले घूर्णन त्रिज्या) मर्यादा ४०० आहे. २४ मिमी गोल रॉडची घूर्णन त्रिज्या ६ मिमी, म्हणजे जास्तीत जास्त २.४ मीटर. तुमचा सहा मीटरचा रॉड त्यात कधीच बसणार नाही. पण झोळ पडू नये म्हणून आधी ताणलेल्या ब्रेसिंगला ही मर्यादा लागू नाही. म्हणजे रॉडचं ब्रेसिंग नियमात बसतं ते आधी ताणल्यामुळेच. किती ताणायचं? छपरातल्या आडव्या रॉडचं वजन मीटरला साडेतीन किलोच्या थोडं वर. सहा मीटरवर झोळ १० मिमीत ठेवायचा तर जवळजवळ १५.७ किलोन्यूटन लागतात, २० मिमी चालणार असेल तर निम्मे. मी २० वर समाधान मानतो. डोळ्याला थोडा झोळ दिसला तर बिघडत नाही, रॉड ढिला नसला म्हणजे झालं.

आधी दिलेला ताण आणि वाऱ्याचा ताण यांची सरळ बेरीज करायची का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. क्रॉस ब्रेसिंगमध्ये वारा आला की एक रॉड आणखी ताणला जातो आणि दुसरा तेवढाच सैल होतो. दुसरा पूर्ण सैल होईपर्यंत दोघे भार निम्मा-निम्मा वाटून घेतात. तो सैल झाल्यावर सगळा भार पहिल्यावर. म्हणून आधीचा ताण वाऱ्याच्या ताणाच्या निम्म्याच्या आत असेल तर शेवटचा आकडा बदलत नाही, नव्वदला नव्वदच राहतो. निम्म्यापेक्षा जास्त ताणलात तर मात्र वरचा फरक अंगावर येतो. तुमच्या बाबतीत ८ ते १५ किलोन्यूटन निर्धास्त द्या.

कॅनोपी हे वेगळं प्रकरण आहे, आणि मला खरी काळजी तिची वाटते. शेडचं ब्रेसिंग जोडीने असतं, एक सैल पडला तर दुसरा धरतो. कॅनोपीला वरून तिरपा रॉड, तोही एकच. वजन खाली आहे तोपर्यंत तो ताणात. पुण्यात मूलभूत वाऱ्याचा वेग आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे ३९ मीटर प्रति सेकंद, मुंबईच्या ४४ पेक्षा कमी, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण एप्रिल-मे मधला वळीव येतो तेव्हा वारा जमिनीलगत घुसतो, भिंतीवर आपटतो आणि कॅनोपी खालून वर उचलतो. हलका पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट असेल तर ही उचल स्वतःच्या वजनापेक्षा सहज जास्त होते. रॉडला दाब घेता येत नाही. तो सैल पडतो, कॅनोपी वर जाते, झोत ओसरला की धप्पकन खाली येते, आणि तो हिसका पिनवर बसतो. क्लेविस कितीही भारी घेतलात तरी यावर उपाय होत नाही. वरच्या रॉडऐवजी दाबही घेणारा पाइप द्या, किंवा खालून दुसरा टाय द्या, किंवा कॅनोपीची तुळई भिंतीशी फिक्स करून उचलीसाठी स्वतंत्र तपासा. कन्सल्टंटला लेखी विचारा: उचल किती धरली आहे? उत्तर आल्याशिवाय कॅनोपीच्या क्लेविसची ऑर्डर देऊ नका.

फोर्क एकाच दिशेत फिरतो, हेही कॅनोपीत जास्त बोचतं. गसेट रॉडच्या रेषेत नसेल, चार-पाच अंशांनी जरी तिरकं लागलं असेल, तर रॉड आट्यांच्या सुरुवातीला वाकतो. वारा प्रत्येक झोताला तोच बिंदू वाकवतो. आट्याची खाच आणि वारंवार वाकणं एकत्र आलं की फटिगला (वारंवारच्या भाराने चीर पडायला) वेळ लागत नाही. गसेट वेल्ड करण्याआधी दोन भोकांमध्ये दोरी ताणून बघायला पाच मिनिटं लागतात.

पिन अडकवायची कशी? स्प्लिट पिन किंवा सर्कलिप चांगली, आणि ती गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या. पिनऐवजी बोल्ट वापरायचा असेल तर शँक इतका लांब हवा की आटे पाकळ्यांच्या बाहेरच राहतील. फुल थ्रेड बोल्ट नको, कारण आट्यांवर बेअरिंग येतं आणि छेदही कमी होतो. बोल्टचा नट हाताच्या जोराने टेकवून वर चेकनट द्या. पान्याने आवळलात तर फोर्कच्या पाकळ्या आत ओढल्या जातात आणि बुंध्यात आधीच वाकून बसतात. आणि पिनच्या टोकाला वेल्डचा टिपका मारून ‘कायमची’ करू नका. साइटवर हे सर्रास चालतं. ईएन-८ सारख्या स्टीलवर विनाप्रीहीट टिपका म्हणजे चीर पडायला आमंत्रण, आणि पुढे रॉड बदलायचा झाला तर गॅस कटर लावावा लागतो.

गॅल्व्हनाइझिंगबद्दल थोडक्यात. ५ मिमीहून जाड भागांवर आयएस ४७५९ प्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन. आट्यांच्या पिच व्यासावर जाडीच्या चौपट वाढ होते. फास्टनरसारखं सेंट्रिफ्यूज करून ५० मायक्रॉनवर आणलं तरी ०.२ मिमी वाढलंच. म्हणून रॉडचे आटे गॅल्व्हनाइज होतात, आणि फोर्कचे आतले आटे डिपनंतर मोठ्या टॅपने पाडतात. रॉडवरचं जस्त दोन्हींचं रक्षण करतं. हे ऑर्डरमध्ये आधीच लिहिलं नाही तर साइटवर पोरं डाय फिरवून रॉडवरचं जस्त सोलतात. तिरप्या रॉडच्या खालच्या फोर्कमध्ये रॉडवरून ओघळलेलं पाणी साठतं. कॅनोपीत तिथे सीलंट लावा. पुण्याची हवा समुद्रकाठासारखी खारी नाही, पण एमआयडीसीत शेजारी प्लेटिंग किंवा पिकलिंगचं शॉप असेल तर तो विचार करावाच लागतो. स्टेनलेसचे संच घेतलेत तर आटे एकमेकांत जाम होतात, मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लावल्याशिवाय फिरवू नका.

महाग संचाचं काय? त्यात पैसे कशाचे असतात तर रॉड, फोर्क आणि पिन एकत्र तपासलेले असतात आणि पिन-फोर्क रॉडपेक्षा बलवान असल्याची जबाबदारी उत्पादक घेतो. तुम्हाला फक्त गसेट तपासायचं उरतं. शिवाय अशा संचात रॉड बहुधा ४६० यील्डचा असतो, म्हणजे व्यास कमी होऊ शकतो. शेडच्या छपरात कोणाला दिसणार नाही, तिथे मी तो घेणार नाही. तपासलेला फोर्ज्ड क्लेविस आणि ८.८ ची पिन तिथे पुरेशी आहे. कॅनोपी दर्शनी आहे, एकेरी रॉडवर आहे, नग चार-सहा. उचलीचं उत्तर मिळाल्यावर, रॉडचीच रचना ठरली तर, तिथे तो संच घ्या.

ऑर्डरमध्ये मी असं लिहिलं असतं: ‘फोर्ज्ड स्टील क्लेविस, नॉर्मलाइज्ड, एम-२४ × ३ आटे, निम्मे उजवे निम्मे डावे, डाव्यांवर कायमची खूण, जबडा २० मिमी, १६ मिमी गसेटसाठी, पाकळी किमान १२ मिमी, पिन २४ मिमी, ८.८ ग्रेड किंवा यील्ड किमान ३५०, स्प्लिट पिनसह. बुंध्यात तपासणीचं भोक, किमान ३० मिमी पकड. प्रत्येक टोकाला चेकनट. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, आतले आटे डिपनंतर मोठे पाडलेले. फॅक्टर्ड ताण ९० किलोन्यूटन, पूर्ण जोड १८० किलोन्यूटनपर्यंत फोर्क किंवा पिन न तुटता. हीट नंबरसह मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट. लॉटमधले दोन नग खरेदीदारासमोर ओढून दाखवायचे.’ शेवटची अट वाचून कोणी भाव वाढवेल, कोणी माघार घेईल. ओढताना एक लक्षात ठेवा: ई-२५० चा रॉड दीडशेच्या आसपासच तुटेल, म्हणून फोर्क तपासायला चाचणीपुरता ८.८ चा रॉड लावायचा.

मालकांना पटवायचं असेल तर शॉपमध्ये केलेल्या यू-पट्टीचाही एक नग त्याच मशीनवर ओढा. मी दोनदा असं केलंय. दोन्ही वेळा पट्टीची पाठ रॉड यील्ड होण्याच्या बरीच आधी उघडली, आणि पुढे काही बोलावं लागलं नाही.

उद्या साइटवर गेलात तर आधी गसेटची जाडी कॅलिपरने मोजा. ड्रॉइंगवर १६ असलं तरी लागलेली प्लेट १२ ची निघाल्याचं मी पाहिलंय. १२ निघाली तर बेअरिंग ९८ किलोन्यूटन येतं, म्हणजे पास आहे. पण टोकाचं आणि बाजूचं अंतर पुन्हा काढावं लागेल, आणि जबडा २० ऐवजी १६ चा मागवावा लागेल.